भात, केळी, तूप, रात्रीचं जेवण सगळं बंद केलं तरी वजन परत आलं, आता अजून काय बंद करू?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४१, उंची पाच फूट दोन इंच, वजन ७६ किलो, ठाण्याहून फोर्टला बँकेत रोजचं जाणं-येणं, दिवसभर बसून काम. पावसाळ्यात भात, बटाटा, केळी, तूप आणि रात्रीचं जेवण बंद केलं, दीड महिन्यात चार किलो उतरलं, आणि दिवाळीनंतर ते चार परत आले वर अजून एक. आता विचारताय पोळी पण सोडू का. मिस्टरांचं पोट सुटलंय, ते फक्त शनिवारी "बसतात". आणि सासूबाईंनी तुमचं बघून, शुगरच्या गोळ्या चालू असताना, रात्रीचं जेवण सोडलंय.

सासूबाईंचं शेवटी वेगळं लिहिलंय. ते आधी वाचा, मग वर येऊन बाकीचं वाचा, कारण ते थांबण्यासारखं नाहीये.

पोळी सोडू नका. भात पण परत सुरू करा, बेताचा. रात्रीचं जेवण तर नक्की परत सुरू करा. मी नाशिकला आहारतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षं काम करतीये आणि वजनासाठी आलेला प्रत्येक दुसरा माणूस हीच यादी घेऊन येतो, भात बंद, बटाटा बंद, केळं बंद, तूप बंद. म्हणजे ताटातलं जे पोट भरतं ते सगळं बंद, आणि ताटाबाहेरचं जे आहे त्याकडे कुणाचं लक्षच नसतं, कारण ते "खाणं" म्हणून मोजलंच जात नाही. चहा मोजला जात नाही, चहाबरोबरचं मोजलं जात नाही, स्वयंपाक करताना चाखलेलं, मुलांच्या डब्यात उरलेलं, ऑफिसात कुणाच्या बर्थडेचं, काहीच नाही.

तुम्ही तुमचा दिवस फार प्रामाणिकपणे लिहिलाय त्यामुळे मला हिशोब करता आला. सकाळी चहा आणि दोन खारी. अकराला चहा. दुपारी डब्यात दोन पोळ्या आणि एक भाजी, बस. चारला चहा आणि चार बिस्किटं. संध्याकाळी घरी पोचल्या पोचल्या चहा आणि "थोडासा" चिवडा किंवा फरसाण. रात्री जेवण नाही, नुसतं दूध त्यात चॉकलेटची पावडर. दहा वाजता परत भूक, मग शेंगदाणे-गूळ.

आता चहाच बघू. घरचा कप, दोन चमचे साखर, निम्मं दूध, आणि दूध तुम्ही फुल क्रीम लिहिलंय. सपाट चमचाभर साखर म्हणजे साधारण ५ ग्रॅम, २० कॅलरी. दिवसाचे चार चहा म्हणजे आठ चमचे, ४० ग्रॅम साखर, १६० कॅलरी. दूध कपाला ७५ मिली धरलं तर चार कपांना ३०० मिली, फुल क्रीमच्या हिशोबाने अडीचशे कॅलरी. झाले चारशे. आणि हे सपाट चमच्याचं गणित आहे. मी पहिल्या व्हिजिटला लोकांना घरातला साखरेचा चमचा आणि रोजचा चहाचा कप घेऊन यायला सांगते आणि समोर वजनकाट्यावर साखर टाकायला लावते, तर डब्यातून शीग भरून काढलेला चमचा सात-आठ ग्रॅम भरतो, कधी नऊ पण. त्या काट्यावरचा आकडा बघून जेवढं समजतं तेवढं माझ्या बोलण्याने समजत नाही. तुम्ही पण एकदा करून बघा, किचनचा छोटा डिजिटल काटा मिळतो तो घ्या, पुढे तेलाला पण लागेल.

मग चहासोबतचं. खारी, फरसाण, तळलेला चिवडा हे सगळं १०० ग्रॅमला पाचशे कॅलरीच्या आसपास जातं, बिस्किटं साडेचारशेच्या पुढे. दोन खारी सव्वाशे-दीडशे धरा. चार साधी ग्लुकोज बिस्किटं शंभर. आणि फरसाण, एक मूठ म्हणजे २५-३० ग्रॅम, पण एका मुठीवर कोण थांबतं, टीव्हीसमोर डबा मांडीवर घेऊन बसलं की दोन-तीन मुठी कुठे जातात कळत नाही, तीनशे तरी धरा. म्हणजे चहा आणि चहासोबतचं मिळून नऊशेच्या वर गेलं. एक वाटी शिजलेला भात दोनशे कॅलरीच्या आत असतो. तुम्ही दोन वेळचा मिळून चारशेचा भात सोडलात, त्यामुळे भूक वाढली, आणि ती भूक या नऊशेने भागवलीत. बसून काम करणाऱ्या भारतीय बाईला दिवसाला साधारण १६६० कॅलरी लागतात असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या तक्त्यात आहे, ५५ किलो वजन धरून. त्यातल्या नऊशे फक्त चहाच्या आजूबाजूला.

वाईट वाटून घेऊ नका, हे सगळ्यांचं असतं. आणि याच्यात एक चांगली बाजू आहे की उपाशी न राहता कमी करण्यासारखं तुमच्याकडे बरंच काही आहे.

प्यायलेल्या कॅलरीचं एक वेगळंच आहे, शरीर त्यांची नीट दखल घेत नाही. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात २००० साली एक छोटा प्रयोग झाला होता, १५ लोक, रोज ४५० कॅलरी जास्तीच्या द्यायच्या, चार आठवडे जेली बीन्सच्या गोळ्यांमधून आणि चार आठवडे सोडा ड्रिंकमधून. गोळ्या खाल्ल्या तेव्हा लोक आपोआप बाकीचं जेवण कमी जेवले. सोडा प्यायले तेव्हा जेवण तेवढंच राहिलं, ४५० वरच्या वर गेल्या आणि वजन वाढलं. साखर दोन्हीत होती, फरक एवढाच की एक चावून खाल्लं आणि एक प्यायलं. म्हणून मी कमी करायला सुरुवात नेहमी पेयांपासून करते, तिथे काढून घेतलेलं पोटाला फारसं जाणवत नाही.

पण चहा एकदम बंद करू नका, डोकं दुखेल, चिडचिड होईल आणि चौथ्या दिवशी परत चालू होईल. चाराचे दोन करा. कुठले दोन ठेवायचे ते तुम्ही ठरवा, ज्याची खरी तलफ असते ते ठेवा, अकराचा बहुतेक जणांचा नुसता सवयीचा असतो, टेबलावर आला म्हणून घेतला. ऑफिसच्या मशिनच्या चहाच्या पावडरीत बऱ्याचदा आधीच साखर असते, ते विचारून घ्या, त्याऐवजी डिप टी बिनसाखरेचा चालेल. साखर दोन चमच्यांची दीड करा, दहा-बारा दिवस जाऊ द्या, मग एक, मग अर्धा. जीभ बदलते हो, दोन महिन्यांनी जुना चहा प्यायलात तर सरबत वाटेल. दूध टोन्ड करा, फुल क्रीममध्ये ६ टक्के फॅट असतं, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड. आणि जेवणाला चिकटून चहा घेऊ नका, चहामुळे जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही, तासाभराचं अंतर ठेवा. आपल्याकडे बायकांचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं.

गुळाचा चहा प्यायला तर चालेल का, हा पुढचा प्रश्न येणारच. वजनासाठी काही फरक पडत नाही. गूळ, मध, खडीसाखर, ब्राऊन शुगर, सगळं साखरेच्या आसपासच आहे, आणि गूळ "चांगला" म्हणून लोक जास्त घालतात. शुगर फ्रीच्या गोळ्यांबद्दल डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटनेने) मे २०२३ मध्ये सरळ सांगितलंय की वजन कमी करायला त्यांच्यावर विसंबू नका, लांबच्या पल्ल्यात त्याचा फायदा दिसत नाही. महिना-दोन महिने सवय मोडायला वापरली तर माझी हरकत नसते, पण जीभ गोडच मागत राहते त्यामुळे मला स्वतःला साखर हळूहळू उतरवणं जास्त पटतं.

रात्रीच्या दुधातली ती पावडर मात्र लगेच बंद. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या साइट्सना सांगितलं होतं की बोर्नव्हिटासारखी पेयं "हेल्थ ड्रिंक" या सदरातून काढा, आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक असा काही प्रकारच नाहीये. डब्याच्या मागे साखरेचा आकडा वाचा. दूध प्यायचं तर साधं प्या.

आता संध्याकाळची भूक. ताई, साडेसहाला घरी येऊन फरसाणाचा डबा उघडला जातो याला तुम्ही "माझा कंट्रोल नाही" असं लिहिलंय. कंट्रोलचा काही संबंध नाही. दुपारी दोन पोळ्या आणि दुधी किंवा भेंडीची भाजी एवढंच खाल्लं, आदल्या रात्रीचं जेवण नाही, मग चारला बिस्किटं, आणि वर सव्वा-दीड तास लोकलमध्ये उभं राहून आलात तर कुणालाही हेच होईल. तुमच्या अख्ख्या दिवसात प्रथिनं नावालाच आहेत. डाळ नाही, उसळ नाही, अंडं नाही, दही नाही. तुम्ही अंडी-मासे खाता असं लिहिलंय पण ते फक्त रविवारी. प्रथिनं कमी आणि खाणं कमी असं एकत्र झालं की वजनासोबत स्नायू पण उतरतात, आणि वजन परत येतं तेव्हा मुख्यतः चरबी येते. तुमचं या वेळी थोडंफार हेच झालं असणार.

म्हणून कमी करायच्या आधी हे वाढवा. दुपारच्या डब्यात दोन पोळ्या राहू द्या, भाजीबरोबर मटकीची किंवा चवळीची उसळ नाहीतर घट्ट वरण, एक वाटी मोठी, आणि काकडी-टोमॅटो-गाजर काहीतरी कच्चं. ताक नेता आलं तर उत्तम. साडेचार-पाचला, म्हणजे ऑफिसातून निघायच्या आधी, एक मूठ फुटाणे आणि एक फळ. केळं चालेल, अहो मध्यम केळं शंभर कॅलरीचं, दोन खारींपेक्षा कमी. किंवा दोन उकडलेली अंडी डब्यात. हे खाऊन ट्रेनमध्ये चढायचं, त्याची वेळ महत्त्वाची आहे, घरी येऊन खाऊ म्हणून ठेवलंत तर फरसाण पण खाल आणि फुटाणे पण. रात्री आठपर्यंत जेवायचं, एक पोळी किंवा भाकरी, वरण, भाजी, वर थोडा भात. बांगडा, सुरमई, चिकन असेल तर वरणाऐवजी ते, फक्त तेलात बुडवून तळलेलं नको, तव्यावर चमचाभर तेलात भाजा.

आणि फरसाण, चिवडा, खारी, बिस्किटं घरात आणायचीच कमी करा. घरात असेल तर खाल्लं जाणारच, मी पण खाते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९ साली २० लोकांना महिनाभर तिथेच ठेवून एक प्रयोग केला होता, दोन आठवडे कारखान्यात बनलेलं पाकीटबंद टाइपचं खाणं आणि दोन आठवडे घरच्यासारखं साधं खाणं, दोन्हीत वाढलेल्या ताटातली साखर, फॅट, फायबर सारखंच ठेवलेलं, आणि सांगितलं हवं तेवढं खा. पाकीटवाल्या आठवड्यांत लोक रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खात होते आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलो वाढले, साध्या खाण्यावर तेवढेच उतरले. त्या लोकांना कुणी कमी खा सांगितलं नव्हतं. डायजेस्टिव्ह, मल्टिग्रेन, "डाएट" चिवडा हे पण त्यातच आलं बरं का, पुड्यावर गव्हाचं कणीस छापलेलं असलं तरी मागे १०० ग्रॅमचा आकडा बघा, साध्या बिस्किटापेक्षा कमी क्वचितच सापडेल.

तेलाकडे येते, कारण हे तुमच्या एकटीचं नाही, अख्ख्या घराचं आहे. तुम्ही लिहिलंय चौघांना महिन्याला ५ लिटरचा एक डबा लागतो. भागा. माणशी महिन्याला सव्वा लिटर, दिवसाला जवळपास ४० मिली, वजनात ३७-३८ ग्रॅम, कॅलरी ३४० च्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात २००० कॅलरीच्या ताटाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय, आणि तुम्हाला २००० पण लागत नाहीत. शिवाय बाहेरच्या वड्याचं, मिसळीच्या तर्रीचं, फरसाणाचं तेल या डब्यात नाहीच.

५ चे साडेतीन लिटर केले तर प्रत्येकाच्या रोजच्या शंभर कॅलरी कमी होतात आणि चवीत कुणाला कळत नाही, हे मी खात्रीने सांगते. करायचं असं की महिन्याचं तेल आणलं की आठवड्याचं तेल एका वेगळ्या बाटलीत काढायचं, पाऊण लिटर आणि वर थोडं, आणि आठवडाभर तेवढ्यातच भागवायचं, शनिवारी संपलं तर रविवारी डब्याला हात लावायचा नाही. फोडणी कधीही कॅनमधून किंवा बुधलीतून थेट ओतायची नाही, चमच्याने मोजून. पोह्याला चौघांत तीन चमचे पुरतात, फोडणी झाकण ठेवून वाफेवर होऊ द्या. भाजीला जाड बुडाची किंवा नॉनस्टिक कढई. पोळीला घडीत तेल लावता तेवढं ठेवा, वरून परत नको. दाण्याचं कूट आणि ओलं खोबरं पण मोजा, शेंगदाणे १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी आहेत, चांगलेच आहेत पण काकडीच्या कोशिंबिरीत काकडी दिसली पाहिजे.

लाकडी घाण्याचं आहे, ऑलिव्ह आहे, सूर्यफूल आहे, कॅलरीला सगळी सारखी, एका ग्रॅमला नऊ. तूप पण तेच. वरणभातावर एक छोटा चमचा तूप ४५ कॅलरी, त्याने कुणाचं वजन वाढत नाही, घ्या. त्याने वरणभात जेवल्यासारखा वाटतो आणि नंतर इकडे तिकडे हात जात नाही.

भाकरीबद्दल विचारलंय. ज्वारी, बाजरी, नाचणी, गहू, तांदूळ, कोरड्या पिठाचं १०० ग्रॅमला सगळं साधारण ३२० ते ३६० कॅलरीच्या दरम्यान. भाकरीने वजन उतरतं ते तेल लागत नाही म्हणून, आणि एका भाकरीत पोट भरतं म्हणून. पण एका मोठ्या भाकरीत दोन पोळ्यांचं पीठ असतं हे विसरू नका. नाचणीचे लाडू, ज्वारीच्या चकल्या वगैरे "हेल्दी" म्हणून जे चालतं ते लाडू आणि चकल्याच आहेत.

उपास. तुम्ही सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी करता. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण आपल्याकडे उगीच आली नाही. खिचडीच्या एका प्लेटमध्ये साबुदाणा ६० ग्रॅम, कूट एक मूठ, तूप दोन चमचे, बटाटा, सहज साडेचारशे-पाचशे कॅलरी, त्यात साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, आणि दोन तासांत परत भूक मग वेफर्स, मग राजगिऱ्याचा लाडू. श्रद्धेचा प्रश्न आहे, उपास सोडा असं मी कुणाला कधी सांगत नाही. भगर आणि दाण्याची पातळ आमटी, उकडलेलं रताळं, दही, ताक, फळं, पनीर चालत असेल तर ते, यावर दिवस निघतो. खिचडी हवीच तर चतुर्थीला करा, दर सोमवार-गुरुवारी नको.

कोल्ड्रिंक तुमच्याकडे मुलांसाठी येतं म्हणालात. १०० मिलीला दहा-अकरा ग्रॅम साखर, छोटी २५० ची बाटली संपली की २६ ग्रॅम. डब्ल्यूएचओ म्हणतं दिवसभराची वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा. उसाचा रस पण मोठ्या ग्लासात तीस ग्रॅमच्या वर जातो. उन्हाळ्यात कधीतरी प्यायला तर प्या, रोज नको. फळाचा ज्यूस काढण्यापेक्षा फळ खा. कोकम सरबत घरी करा, साखर बेताची, मीठ-जिरं घालून.

मिस्टरांचं. तुम्ही लिहिलंय "फक्त शनिवारी, तीनच पेग". लार्ज असतील तर ६० मिलीचे. आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे एका लार्जमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल, एका ग्रॅमला ७ कॅलरी, १४० झाल्या. तीनच्या सव्वाचारशे, त्या पण सोड्याबरोबर, कोल्ड्रिंकबरोबर घेत असतील तर अजून वर. स्ट्राँग बियरची ६५० ची एक बाटली तीनशेच्या वर. पण खरा घोळ चखण्यात आणि नंतरच्या जेवणात आहे. शरीर अल्कोहोल साठवून ठेवू शकत नाही त्यामुळे आधी तेच जाळायला घेतं, तोपर्यंत चरबी जाळणं मागे पडतं, आणि त्याच वेळी समोर मसाला शेंगदाणे, तळलेले पापड, चिकन लॉलीपॉप, आणि साडेअकराला बिर्याणी. त्या एका रात्रीत दीड-दोन हजार कॅलरी सहज जातात. आठवडाभर त्यांनी डब्यात सॅलड नेलं तरी ते त्यात बुडतं.

तब्येतीसाठी अजिबात न पिणं सगळ्यात चांगलं. ते होणार नसेल तर एक करा, शनिवारी आधी जेवून मग बसायचं किंवा जेवणासोबतच. रिकाम्या पोटी सुरू झालं की चखणा थांबत नाही. पेग ३० चे, दोन, पाणी किंवा साधा सोडा. समोर काकडी-गाजर, फुटाणे, उकडलेली अंडी, तंदुरी चिकन. आणि तुम्ही म्हणताय तसं पोट पुढे आणि हातपाय बारीक असेल तर त्यांची कंबर मोजा, बेंबीच्या पातळीला, श्वास सोडून. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० च्या पुढे गेलं की सावध व्हायचं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. आपण बारीक दिसतो आणि आत चरबी असते. त्यामुळे "वजन काय फार नाही माझं" यावर विसंबू नका म्हणावं त्यांना, एकदा उपाशीपोटी शुगर, लिपिड, लिव्हरची टेस्ट आणि सोनोग्राफी करून घ्या.

दीक्षित डाएट करू का असंही विचारलंय, दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवण. ज्यांना जमतं त्यांचं वजन उतरतं, मी पाहिलंय. माझ्या मते त्यातला सगळ्यात मोठा फायदा हा की मधला चहा, बिस्कीट, फरसाण एका फटक्यात बंद होतं. तुम्हाला साडेसहाला भूक अनावर होते आणि आधीच जेवण सोडून एकदा वजन परत आलंय, म्हणून तुम्हाला मी तीन वेळा जेवण आणि एक ठरलेलं मधलं खाणं हेच सांगेन. कुठलं डाएट भारी यात फार अडकू नका. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ लोकांवर वर्षभर तुलना झाली, २०१८ ला आली ती, एक गट लो फॅट म्हणजे तेल-तूप कमी, एक लो कार्ब म्हणजे स्टार्च-साखर कमी. वर्षाअखेर एकांचं सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्यांचं ६, म्हणजे धरण्यासारखा फरक नाही. दोन्ही गटांना साखर आणि मैदा कमी करा, भाज्या भरपूर खा, हे मात्र सारखंच सांगितलं होतं.

तुमचे ते पहिले चार किलो इतक्या पटकन कसे गेले ते पण सांगते म्हणजे पुढच्या वेळी फसायला होणार नाही. भात-पोळी एकदम कमी केली की शरीरात साठवलेला ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, संपतो, आणि तो स्वतःच्या साधारण तिप्पट पाणी धरून बसलेला असतो, ते पाणी जातं. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो गेल्यासारखं दिसतं त्यातलं बरंचसं हे असतं, भात खाल्ला की दोन दिवसांत परत येतं आणि माणूस भाताला शिव्या देतो. म्हणून रोज काट्यावर उभ्या राहू नका. आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर, आणि पाळीच्या आधीचे चार दिवस सोडून. महिन्याला दीड-दोन किलो हा तुमच्यासाठी चांगला वेग आहे. मध्ये तीन आठवडे काटा हलणार नाही असंही होईल, तेव्हा काही नवीन बंद करायचं नाही, फक्त तेलाची बाटली आणि साखरेचा चमचा परत एकदा तपासायचा, तिथे हात सैल झालेला असतो.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिले पंधरा दिवस फक्त जेवण परत आणणं, चहा दोनवर आणणं आणि पाचचे फुटाणे. मग तेलाची बाटली. मग उपासाचं. थायरॉईडची टीएसएच टेस्ट झाली नसेल तर करून घ्या, या वयात आणि या वजनाला मी ती बघितल्याशिवाय पुढे जात नाही, सोबत एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) आणि हिमोग्लोबिन. आणि ठाणे स्टेशनपासून घर वीस मिनिटांवर आहे म्हणालात तर येताना रिक्षा सोडा.

आता सासूबाई. त्यांच्या गोळीचं नाव तुम्ही ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असं लिहिलंय. यातलं ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवा किंवा न जेवा. रात्रीचं जेवण सोडलं आणि गोळी तीच चालू ठेवली तर साखर खाली जाते, आणि ती रात्री झोपेत जाऊ शकते, ६८ वर्षांच्या बाईच्या बाबतीत हे खूप धोक्याचं आहे. त्यांचं रात्रीचं जेवण आजपासून परत सुरू करा. वजन कमी करायचं असेल तर त्यांच्या डॉक्टरांना आधी सांगा की आम्ही खाणं कमी करतोय, ते गोळीचा डोस बदलतील, स्वतःहून गोळी बंद पण करू नका. घाम फुटणं, हात थरथरणं, छाती धडधडणं, एकदम चिडचिड किंवा बोलताना गोंधळ झाला तर लगेच ग्लुकोमीटरवर बघा, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत बघा, अजून ७० च्या खालीच असेल तर परत तेवढीच द्या, आणि वर आल्यावर पोळी-भाजी खायला घाला. मीटर हाताशी नसेल तर साखर आधी द्या, मीटर नंतर शोधा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ हॉस्पिटल. पुढचा आठवडाभर त्यांची शुगर झोपायच्या आधी आणि पहाटे उठल्यावर रोज बघून वहीत लिहा, आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा.